एक ठोका, मग दोन

भाऊबीजेला सुदर्शनच्या पोटात काही राहत नव्हतं. "मोने, यंदाची ओवाळणी बघून येडी व्हशील तू," असं सकाळपासून त्याचं कितीदा तरी सांगून झालं होतं.

गारखेड्यातल्या त्या घरात मोनिकाचं काम कुणाला नीटसं उमगलेलं नव्हतं. जायकवाडीपलीकडं मोठं पाणी न पाहिलेल्या घरातली पोर कोकणात डॉल्फिन मोजते आणि वर तिला पगारही मिळतो, हे पिशोरच्या पाहुण्यांना सांगताना तिच्या आईची, आवडाबाईंची, तारांबळ उडायची. "मासे मोजती," एवढं सांगून त्या मोकळ्या व्हायच्या. मासे नव्हेत ते, आपल्यासारखंच लेकराला दूध पाजतात, असं मोनिका म्हणाली की त्या म्हणायच्या, "पाण्यात राहतं ना? मग झालं." घरात समजून घेणारा एकच, सुदर्शनदादा. निदान तिला तसं वाटत होतं.

कोकणात ती राहायची त्या गावात कृष्णाकाका नावाचे म्हातारे कोळी होते. जाळं ओढून झालं की ते इंजिन बंद करायचे आणि वल्ह्याच्या दांड्यानं होडीच्या कडेवर ठोकायचे. एक ठोका, जरा थांबून दोन. त्यांचे वडीलही असंच ठोकत. मग डॉल्फिन यायचे, फेकलेली बारीक मासळी खायचे आणि वाटेला लागायचे. ठोक्यांचा अर्थ एवढाच, की इंजिन बंद आहे, भिऊ नका. पाठीवरचा पर कातरलेली एक मादी होती. मोनिका तिला कातरी म्हणायची. कातरी तर त्या भरवशावर आपलं पिल्लू थेट होडीला चिकटून आणायची.

मे महिन्यात दादा-वहिनी तिकडं आले तेव्हा मोनिकानं त्यांना हे दाखवलं. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणाला सांगू नको, दादा," ती म्हणाली. "आईची आण," तो म्हणाला. तेव्हापासून तिला जेवायला बोलवायचं तरी तो दारावर तसंच ठोकायचा, आणि ती हसत बाहेर यायची.

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून ती घरी आली होती, ती दिवाळी करूनच परतणार होती. दसऱ्यानंतर कृष्णाकाकांचा फोन आला. कितीही ठोकलं तरी कातरी येत नाही, म्हणाले. "तुला काही ठाऊक असेल म्हणून विचारलं." त्यांचा आवाज कोरडा वाटला. दिवाळी झाली की येतेच, असं मोनिका म्हणाली.

पाटावर बसलेल्या दादाला तिनं ओवाळलं. त्यानं ताटात मोबाईल ठेवला.

व्हिडिओत एक कोरी निळी होडी होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'मोनिका'. "नवरात्रात कामाला म्हणून गेलतो ना, तवा तिकडच्या एका जणासंगं भागीदारीत घेतली. तुझं नाव दिलं," दादा म्हणाला. सुरेखावहिनीच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "पुढं बघा, ताई, लई भारी हाय."

पुढं होडीत नारिंगी जाकिटं घातलेली, सहलीला आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. इंजिन बंद झालं. दादानं काठी घेऊन कडेवर ठोकलं. एक, मग दोन. कातरी आली, पिल्लाला घेऊन, नेहमीसारखी अगदी जवळ. आणि धडाडून इंजिन सुरू झालं. ती वळली. ही होडी मागं, दुसरी एक समोरून. कातरी पाण्याबाहेर उसळली, पुन्हा उसळली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू दोन्ही होड्यांच्या मधे दिसलं आणि परत दिसलं नाही.

"पिल्लू कुठं गेलं, दादा?"

"असंल की तिथंच. समुद्र केवढा हाय."

"इंजिन का चालू केलं?"

"त्याबिगर उड्या कुठं मारतेत? नुसती येऊन बघत बसतेत. लोकांला उडी पायजे."

"आईची आण घेतली होती तू."

"मग सांगितलं कुठं कुणाला? म्या सोता ठोकलं. काठी दुसऱ्याच्या हातात दिली नाय."

तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडता आल्या असत्या.

"आता यायचीच बंद झालीत," तो म्हणाला. "तू गेली की बोलाव जरा. तुझं ऐकतेत ती."

मोनिकानं मोबाईल उचलून पाटाशेजारी ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. आपल्या माणसानं असा दगा द्यावा, तोही आपल्याच नावाची होडी करून, याचं तिला रडू आवरेना. सणाच्या दिवशी पोरीला काय झालं, म्हणून बाहेर आवडाबाई विचारत होत्या. तिनं कृष्णाकाकांना फोन लावला.

"काका, आता तुम्हीपण ठोकू नका. तिला येऊच देऊ नका."



"होडीवरचं नाव वाचलंय मी," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं दार वाजलं. एक ठोका, जरा थांबून दोन.

सवयीनं ती उठली. हात कडीपर्यंत गेला.

"ये की बाहेर, मोने," दादा लाडानं म्हणाला. "काय नाय करत."

मोनिकानं हात मागं घेतला, आणि दारापासून लांब, पलीकडच्या भिंतीला टेकून ती खाली बसली.