कुणाला काही प्रश्न?

कॉलरला माईक लावायला आलेल्या माणसाचा हात सरांनी पुन्हा झटकला, तेव्हा काकू पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठावर गेल्या. माईकची चिमटी त्यांनी सरांच्या कोटाला अडकवली, उगाचच कॉलर सारखी केली आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या,

"फक्त चित्रं दाखवायची. खाली लिहिलंय ते वाचायचं. बस."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. मग जरा थांबून, "विमान किती वाजता आहे?"

सर ज्यातून ढगांत शिरून मोजमाप करायचे, ते विमान मोडीत निघाल्याला जमाना लोटला होता.

काकू खाली येऊन बसतात न बसतात तोच शेजारून मुलगा कुजबुजला,

"आई, अजून वेळ गेलेली नाही. बाबांना बरं नाही म्हणून सांगतो. चारचौघांत शोभा होईल."

"होऊ दे. घरात बसून तरी काय होतंय?"

सरांच्या गौरवाचं हे संमेलन व्हावं म्हणून काकूंनीच त्यांच्या जुन्या संस्थेच्या संचालकबाईंच्या दारात खेटे घातले होते. संचालकबाई सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनाही काकूंनी आजाराचा पत्ता लागू दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सगळं पुसट होत जाईल, कामाचं बहुधा सगळ्यात शेवटी. ते शेवटचं पुसलं जाण्याआधी एकदा, एकदाच, आपला माणूस आपल्या माणसांत ताठ उभा राहावा. देवाकडे त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

सन्मानपत्राचं वाचन झालं, टाळ्या झाल्या आणि सर बोलायला उभे राहिले. पहिलं चित्र छान निभावलं. दुसऱ्यावर एक विनोदही झाला, सभागृह हसलं. पुढच्या चित्रावर सर थांबले. पडद्यावर एक भलामोठा पांढराशुभ्र ढग.

"हा ढग आहे," सर म्हणाले.

लोक वाट पाहत राहिले.

"हा... ढग आहे."

कुणीतरी खाकरलं. सरांनी खालच्या ओळींकडे पाहिलं, पण अक्षरं जणू दुसऱ्याच कुणाची होती. त्यांनी हातातलं चित्रं बदलायचं बटण टेबलावर ठेवलं.

"संपलं," ते म्हणाले.

संचालकबाई गडबडून उठल्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुणाला काही प्रश्न?"

सभागृह गप्प. शास्त्रज्ञाला शिवी द्यावी, ती पचते. पण भाषणानंतरची अशी शांतता पचत नाही. सर घरी यायचे तेव्हा काकू विचारायच्या, कसं झालं भाषण? आणि ते सांगायचे, खूप भांडले लोक. म्हणजे उत्तम झालं.

"प्रश्न नाही?" सर पुढे झुकले. "कुणालाच नाही?"

तिसऱ्या रांगेतली एक तरुण प्राध्यापिका गहिवरून उभी राहिली. "प्रश्न नाही, सर. फक्त आभार. तुमच्यामुळे आम्ही..."

"आभार नकोत," सर म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "प्रश्न."

"आई, मी त्यांना खाली आणतो," मुलगा म्हणाला. काकूंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. सोडावं की नाही तेच कळेना. आपणच यांना इथे आणून उभं केलं. देवा, आता तूच काय ते बघ.

मागून फरशीवर काठी आपटल्याचा आवाज आला.

"मला आहे प्रश्न. हे सगळं साफ चूक आहे."

देवाला हाक मारावी आणि दार वैऱ्याने उघडावं, तसं झालं. ते आडवेबुवा होते. हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं. सरांनी कुठे काही मांडलं की हा माणूस आडवा आलाच. सर म्हणत, कोरडी हवा ढगात माथ्यावरून शिरते. आडवेबुवा म्हणत, कडेने. बाकी जगाची झोप उडवणार नाही अशा त्या गोष्टीवरून दोघं उभा जन्म भांडले. आडवेबुवांच्या टीकेने सरांची बढती लांबली, तेव्हापासून काकू त्यांच्या नावाने बोटं मोडत आल्या होत्या. मुलाच्या लग्नालाही त्यांना बोलावलं नव्हतं.

"सर, आजच्या दिवशी..." संचालकबाई आडवेबुवांना म्हणाल्या.

"आजच्या दिवशी काय? हवा सुट्टीवर आहे?" आडवेबुवा काठी टेकत पुढे आले. "माथ्यावरून म्हणे! तिथून कोरडी हवा शिरली, तर वरच राहील. खाली कशाला येईल?"

सरांची मान वर झाली. त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलला.

"तुला अजून कळलेलं नाही?"

"नाही. समजावा."

"कोरड्या हवेत थेंबांची वाफ होते." खडू चालू लागला. "वाफ होताना हवा गार होते. गार झाली की..."

खडू थबकला. काकूंनी डोळे मिटले.

"गार झाली तर झाली!" आडवेबुवा गरजले. "म्हणून काय ती जड होते?"

"जडच होते! जड झाली की खाली बुडते, ढग पोखरत बुडते!"

"आणि हे कुणी मोजलंय? घरी बसून?"

"मोजलंय! विमानातून! मी स्वतः!"

काकूंनी डोळे उघडले. सर अडखळत होते तिथे तिथे आडवेबुवांचा टोमणा तयार होता, आणि पुढची पायरी त्या टोमण्यातच होती. फळा भरला. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात सर खुर्चीवर बसले होते, बोटं खडूने माखलेली, चेहरा उजळलेला. मुलगा पाणी घेऊन आला.

"शाबास," सर त्याला म्हणाले. "तू कुठल्या बॅचचा?"

मुलाने ग्लास त्यांच्या हातात दिला आणि तो खिडकीकडे वळला.

काकू जिन्यापाशी गेल्या. आडवेबुवा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

"अहो, थांबा. उद्या घरी याल?"

"तुमच्या घरी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि कशाला, वहिनी?"

"त्यांचं चुकतंय असं सांगायला. उद्या या. परवाही या."

आडवेबुवा खाली पायरीकडे बघत म्हणाले,

"त्यांचंच बरोबर आहे, वहिनी. मला ते केव्हाच पटलंय. सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच. आज सांगावं म्हणूनच आलो होतो."

हेच ऐकण्यासाठी काकूंनी अर्धं आयुष्य देव पाण्यात घातले होते. त्यांनी मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं, आणि दोन पायऱ्या उतरून आडवेबुवांचा काठीवरचा हात धरला.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाया पडते, एवढं त्यांना कधी सांगू नका."