पाणी पिणारी जीप

मनोहररावाची जीप पाणी पिते आहे, ही बातमी चारुशीलेने जेवायला वाढताना सांगितली आणि गोपाळरावाला त्या दिवशी भाकर जरा जास्तच गोड लागली.

ती जीप मुळात त्याने हेरलेली. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कामठीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होणार असं कळलं तसा तो रजा टाकून सायकलीवर तिकडे गेला. रांगेतल्या एका जीपखाली आडवा झाला, बॉनेट उघडून इंजिनावरून हात फिरवला, आणि ही आपली, असं मनाशी ठरवून घरी आला. ऐपत नव्हती, पण ठरवायला काय जातं. पुढे उमरेडला सासुरवाडीत सगळे पंगतीला बसले असताना त्याच्या तोंडून त्या जीपचं वर्णन निघून गेलं. इंजिन कसं ठणठणीत आहे, चासीचा सांगाडा कसा सरळ आहे, सगळं. धाकट्या मेहुणीचा, शोभाचा, नवरा मनोहरराव समोरच बसला होता. नागपूरच्या इतवारी बाजारात सुताचा व्यापार करणारा माणूस, मान खाली घालून भात कालवत त्याने सगळं ऐकून घेतलं.

महिनाभराने तीच जीप, नवा हिरवा रंग लेवून, नंदनवन वस्तीत गोपाळरावाच्या दारासमोर उभी राहिली. भाऊ, तुमची पारख खरी निघाली, असं म्हणत मनोहरराव हसत उतरला. त्याच्या मनात पाप नसावं. गोपाळरावाला तेच जास्त झोंबलं. त्यानंतर चारुशीला बहिणीबरोबर त्या जीपमधून बाजाराला गेली, लग्नांना गेली, तेलंगखेडीच्या तलावावर फिरून आली. गोपाळराव मात्र एकदाही बसला नाही. कंपनीची बस बरी, म्हणायचा.

रविवारी सकाळी मनोहरराव जीप घेऊन आला. पाच-सहा मैल गेलं की इंजिन तापल्याचा काटा चढतो, रेडिएटरची टाकी उघडावी तर पाणी खाली गेलेलं, आणि गाडी उभी असते तिथे जमिनीवर एक थेंब नाही. दोन मिस्त्रींना दाखवून झालं होतं.

"पानी जाऊन कुठी राहिलं, तेच समजत नाई भाऊ," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय हे कोनाले सापडनार नाई."

गोपाळरावाने बाह्या वर केल्या. कितीही म्हटलं तरी इंजिन समोर आलं की त्याचं मन बाकी सगळं विसरायचं. त्याने रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करायला सांगितलं आणि पाण्याकडे बघत राहिला. बुडबुडे येत नव्हते, म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत होतं. तेल मोजायची पट्टी काढून बोटांत चोळली. तेल काळंच होतं, दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे पाणी आत मुरत नव्हतं. रबरी नळ्या दाबून पाहिल्या. पंपाखाली कागद धरला, कोरडाच राहिला. मग झाकण लावून त्याने इंजिन चांगलं तापू दिलं आणि कान जवळ नेला.

मागच्या बाजूला, तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपाआड, अगदी बारीक चर्र आवाज येत होता. इंजिन बंद करायला सांगून, आरसा धरून त्याने पाहिलं. इंजिनाच्या कुशीत ओतकामाची भोकं बुजवायला पत्र्याच्या वाटोळ्या टिकल्या ठोकलेल्या असतात. त्यांतली शेवटची टिकली गंजून तिला सुईएवढं भोक पडलं होतं. इंजिन तापलं की तिथून पाणी निघे, खालच्या तापलेल्या पाइपावर पडे आणि जमिनीला लागायच्या आत वाफ होऊन उडून जाई. खाली फक्त क्षाराचा पांढरा ओघळ उरला होता.

सापडलं, या आनंदात तो वर उठला. आणि बघतो तर चहा घेऊन आलेली चारुशीला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. मनोहररावाने तिला गिअर कसे टाकतात ते दाखवायला घेतलं होतं आणि ती पदर खोचून, दांडा दोन्ही हातांनी धरून, मोकळी हसत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. असं हसताना गोपाळरावाने तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. ही जीप आपण आणली असती तर ती आपल्या शेजारी बसून अशीच हसली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि तोंडात आलेलं वाक्य बदललं.

"रेडिएटर गेला हाये," त्याने हात पुसत सांगितलं. "काढून भोकं झाळून घ्या."

मनोहररावाने तसं केलं. रेडिएटर काढला, झाळून घेतला, परत बसवला. जीप पाणी पीतच राहिली. पण तो गोपाळरावाला दोष द्यायला तयार नव्हता. झाळणाऱ्यानेच काम कच्चं केलं, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. शोभाने ते कौतुकाने बहिणीला सांगितलं, चारुशीलेने नवऱ्याला. गोपाळराव हूं म्हणाला. इतवारीत भर बाजारात, हातगाड्यांच्या गर्दीत, जीप वाफा सोडत उभी राहिली होती असं कळलं त्या संध्याकाळी तो उगाचच शीळ घालत होता. मग चारुशीला बघते आहे असं दिसलं आणि तो गप्प झाला.

चैत्र सरता सरता उमरेडहून निरोप आला. सासूबाई, पार्वतीबाई, यांना दोन दिवसांपासून धाप लागत होती आणि तिथल्या डॉक्टरने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. निरोपामागोमाग मनोहरराव जीप घेऊन दारात हजर. चारुशीला होती तशी चपला घालून मागे चढली.

आता सांगावं, असं गोपाळरावाला वाटलं. पण काय सांगणार, की मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं? त्याने हत्यारांची पिशवी घेतली, पाण्याचे दोन डबे भरले आणि पहिल्यांदाच त्या जीपमध्ये बसला. मनोहररावाला भारी बरं वाटलं.

जाताना एकदा पाणी घालून निभावलं. येताना मात्र गाडीत वजन होतं. मागे गादीवर पार्वतीबाई, त्यांचं डोकं मांडीवर घेतलेली चारुशीला, आणि वरून रखरखीत ऊन. मनोहररावाचं लक्ष रस्त्याकडे होतं, गोपाळरावाचं काट्याकडे. डबे उमरेडलाच संपले होते आणि या घाईत पुन्हा भरायचे राहून गेले होते. मागून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. पाचगावाच्या अलीकडे काटा टोकाला टेकला, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि जीप थांबली.

मनोहरराव डबे घेऊन दूर दिसणाऱ्या मळ्यातल्या विहिरीकडे पळत सुटला. गोपाळरावाने बॉनेट उघडलं आणि आरसा न घेता, काही न शोधता, पाइपाआड थेट हात घातला. कातडी चर्रकन भाजली. त्याने हात काढला, फडकं गुंडाळलं, पुन्हा घातला. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून सडका गंज झाडला, तेव्हा भोक करंगळीएवढं झालं. मग रस्त्याकडेच्या बाभळीची वाळली फांदी तोडून, तासून, त्याने तिची खुंटी केली, कापडाच्या चिंधीत गुंडाळली आणि हातोडीने ठोकून बसवली.

चारुशीला आईला पदराने वारा घालत हे सगळं बघत होती.

"तुमी शोधलं नाई," ती हळूच म्हणाली. "सिधा हात घातला."

गोपाळरावाने खुंटीवर आणखी दोन ठोके घातले.

"तुमाले मालूम होतं." तिचा आवाज चढला नाही. "मायी माय मागे झोपून होती, अन् तुमाले मालूम होतं."

पार्वतीबाईंनी डोळे उघडले. "जवाईबापू, काहून थांबलो?" त्यांनी विचारलं, आणि निघतोच आहे, एवढंच तो म्हणू शकला.

मनोहरराव घामाघूम होऊन पाणी घेऊन आला. गोपाळरावाने टाकी भरली. आतला जोर खुंटीवर येऊ नये म्हणून झाकण सैलच ठेवलं. जीप निघाली आणि हळूहळू का होईना, कुठेही न थांबता दवाखान्यापर्यंत पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. मनोहररावाने व्हरांड्यातच गोपाळरावाचा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला. भाऊ नसते तर आज काही खरं नव्हतं, असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला.

चारुशीलेने कोणाला काही सांगितलं नाही. घरी ती जेवायला वाढायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. पार्वतीबाई बऱ्या होऊन उमरेडला परतल्या तरी ते तसंच चालू राहिलं. शेवटी एका रविवारी मनोहरराव पक्की टिकली बसवून घ्यायला आला, तेव्हा काम संपल्यावर गोपाळरावाने हात धुतले आणि त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं.

"मनोहरराव, हे मले तवाच दिसलं होतं. रेडिएटर चांगला होता."

मनोहररावाला समजायला थोडा वेळ लागला. त्याने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या चारुशीलेकडे. काहून, असंही त्याने विचारलं नाही. बहुतेक त्याला त्या पंगतीतलं जेवण आठवलं असावं. आलेला चहा त्याने उभ्यानेच घेतला आणि तो जीप सुरू करून निघून गेला.

त्या रात्री चारुशीला दोन शब्द जास्त बोलली. भाजलेल्या जागेवर तिने खोबरेल लावलं.

नातं तुटलं नाही. सणावाराला दोघं भेटत, पाटाला पाट लावून जेवत. जीपचा विषय मात्र निघत नसे. पावसाळ्यानंतर गोपाळराव कपडा घ्यायला इतवारीत गेला होता, तेव्हा एका गॅरेजसमोर ती हिरवी जीप त्याला दिसली. बॉनेट उघडं होतं आणि कोणी अनोळखी मिस्त्री आत वाकून इंजिनाला कान लावून ऐकत होता. शेजारी मनोहरराव त्याच विश्वासाने उभा होता, हातात त्याच्यासाठी चहाचा कप धरून.

गोपाळराव एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला थांबला. तो मिस्त्री चुकीच्या बाजूने ऐकत होता, हे त्याला एवढ्या लांबूनही दिसत होतं. जीप लिलावात गेली तेव्हासुद्धा छातीत असं जळलं नव्हतं. मिस्त्री वर उठून काहीतरी म्हणाला, मनोहररावाने मान डोलावली, आणि गोपाळराव कपडा न घेताच घराकडे वळला.