यादीची आठवी ओळ

फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद. हिरव्या पेनाने लिहिलेले सात वार. सोमवार: दोन अंडी, पालक. मंगळवार: चीज, काकडी, मूठभर शेंगदाणे. वर लाल अक्षरांत, दोनदा अधोरेखित: पाव, बटाटा, साखर, बिस्किटं बंद.

शिडीला दोनशे बारा पायऱ्या.

मुलीने सहा वर्षांची असताना काढलेलं चित्र. कागदभर उंच लाल क्रेन आणि तिच्या टोकाला एक ठिपका. ठिपक्याला बाण, बाणापाशी ‘बाबा’.

पत्र्याचा गोल डबा, झाकणाला पोचा आलेला. गेल्या सोमवारपर्यंत वर होता, आता खाली आहे.

जाकिटाच्या आतल्या खिशात बोटभर रुंदीची कागदाची पट्टी. कात्रीने कापलेली, कड अगदी सरळ.

“आज गुरुवार,” बायको ताट पुढे सरकवत म्हणाली. “मशरूमचं ऑम्लेट. आणि तोंड वाकडं करायचं नाही.”

“मी कुठे काय बोललो?”

“तुमच्या भुवया बोलल्या.”

त्याने निम्मं खाल्लं आणि ताट बाजूला केलं. पोटात अजून खड्डा होता, पण आजचा एक दिवस कळ काढली की झालं. उद्या शुक्रवार. उद्या उपाशीपोटी कंपनीच्या डॉक्टरकडे रक्त द्यायचं. तीन महिन्यांपूर्वी त्या डॉक्टरने चष्म्यावरून बघत स्पष्ट सांगितलं होतं, “साखर अशीच राहिली तर तुम्हाला केबिनमध्ये बसू देता येणार नाही.” त्यातले अडीच महिने त्याने रिपोर्ट कपाटात कपड्यांच्या घडीखाली दडवण्यात घालवले. मग तो मुलीच्या हाती लागला आणि फ्रिजवर कागद आला.

“बाबा, गोळीचं विचारलंत ना डॉक्टरांना?” मुलीने दात घासता घासताच विचारलं.

“विचारलं.”

“काय म्हणाले?”

“आहे तीच घ्या म्हणाले.”

त्याने पाण्याबरोबर गोळी गिळली. मुलगी आरशाकडे वळली. तो बूट घालायला वाकला, कारण खोटं बोलल्यावर त्याचे कान लाल होतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

यादीत सात वारांखाली आणखी एक ओळ होती: नाश्ता बदलला की गोळी कमी करावी लागते का, ते डॉक्टरांना आधी विचारणं. रविवारी दोघी बाहेर गेल्या असताना त्याने ती ओळ कापली. विचारायला गेलं की डॉक्टर लिहिणार. लिहिलं की कागद ऑफिसात जाणार. ऑफिसात गेलं की संपलं. पट्टी मात्र त्याला फेकवली नाही. मुलीचं अक्षर होतं.

सव्वीस वर्षं तो टॉवर क्रेन चालवत होता. साइटवर त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो ‘वरचा’. “वरच्याला विचारा,” “वरच्याच्या मनात आलं तर दुपारपर्यंत होईल,” असं लोक बोलत, हसत, आणि त्याला ते आवडे. खाली उतरलं की तो गुडघे दुखणारा, चारचौघांत काय बोलावं हे न सुचणारा माणूस होता. वर, हातभर रुंदीच्या काचेच्या खोलीत, दोन टनांचं वजन तो टेबलावर कप ठेवावा तसं ठेवत असे.

त्याला खालून सिग्नल देणारा तो बारक्या. बारक्या शंभर किलोंच्या पुढे होता. गेली अकरा वर्षं त्याने शिडीला हात लावला नव्हता. बिस्किटांचा डबा सोमवारी त्याच्याच हवाली झाला होता.

“हे काय, संन्यास घेतलास?”

“ठेव तुझ्याकडे. वर असला की हात जातो.”

“माझ्याकडे सुरक्षित आहे,” असं म्हणून बारक्याने तिथल्या तिथे दोन खाल्ली होती.

गुरुवारी साडेनऊच्या सुमाराला सळ्यांची मोळी हुकात अडकवून झाली. ती सहाव्या मजल्यावर न्यायची होती. वॉकीटॉकीवर बारक्याचा आवाज आला, “वरच्या, घे. सावकाश.”

मोळी उचलली गेली. पहिल्या मजल्याला त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला बोटं थरथरू लागली. त्याने मनाशी म्हटलं, नाश्ता कमी झाला, दुसरं काही नाही. पाचव्याला काचेवर चिकटवलेल्या वजनाच्या तक्त्यातले आकडे एकाचे दोन झाले. त्याचा डावा हात सवयीने कोपऱ्यात गेला, डब्याच्या जागेवर. तिथे गंजाचं एक गोल वळं होतं.

“डावीकडे. डावीकडे, अरे!” बारक्या ओरडला. “उजवीकडे का घेतोयस?”

मोळी हळूच झुलली. सहावा मजला पुसट झाला होता. तिथे माणसं आहेत की खांब, ते त्याला कळेना.

वॉकीटॉकीचं बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. हा आवाज बारक्याला ऐकू जाणार, सुपरवायझरला जाणार, ऑफिसातल्या सेटवरही जाणार. गप्प राहिलं तर कदाचित जमेल. सव्वीस वर्षं जमलं होतं. हात आपोआप करतील. आणि प्रश्न फक्त उद्यापर्यंतचा.

त्याने बटण दाबलं.

“बारक्या, सहाव्यावरची माणसं हटव.”

“का रे?”

“मला दिसत नाहीये. साखर उतरलीय माझी.”

वॉकीटॉकी खरखरला. नंतर बारक्याचा आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता. “हटवतो. तू कशालाही हात लावू नकोस. मी सांगेन तेव्हाच.” थोड्या वेळाने: “हटली. आता माझं ऐक. डावीकडे, जरा. बास. खाली. खाली. खालीच. अजून. माझ्या आवाजावर ये.”

मोकळ्या मैदानावर मोळी टेकली. दोर सैल पडला. त्याने मशीन बंद केलं आणि कपाळ काचेला टेकवलं.

पुढे बराच वेळ शिडीवरून धापांचा आवाज येत राहिला. मध्येच थांबे, एक शिवी येई, पुन्हा सुरू होई. शेवटी केबिनच्या दारात बारक्याचं लालबुंद डोकं उगवलं. शर्टाच्या आत, पोटाशी, पोचा आलेला डबा होता.

“तोंड उघड.”

“मी खातो रे माझं माझं.”

“हात बघ तुझे. उघड म्हटलं ना.”

त्याने तोंड उघडलं. बारक्याने बिस्किटं एकेक करून भरवली. सहा होती, डब्यात उरलेली सगळी.

अर्ध्या तासाने आकडे पुन्हा एकाचे एक झाले.

“सुपरवायझर खाली उभा आहे,” बारक्या म्हणाला. “वहीत लिहून घेतलंय त्याने.”

“माहीत आहे.”

“मी आधी उतरतो. तू माझ्या डोक्यावर. पडलास तर माझ्यावर पड, गादी आहे.”

उतरण्याआधी त्याने फडकं घेऊन काच आतून पुसली. दोन्ही लिव्हर मधोमध आणले. सीट दोन खाचा पुढे घेतली, कारण पुढचा जो कुणी येईल तो बहुतेक त्याच्याहून बुटका असेल. मग तो दोनशे बारा पायऱ्या उतरला.

शुक्रवारी रक्त देण्याचं कारणच उरलं नाही. तरी तो गेला आणि डॉक्टरला गोळीचं विचारलं. गोळी निम्मी झाली. सोमवारपासून त्याला हत्यारांच्या खोलीत बसायचं होतं. कोण काय घेऊन गेलं आणि आणून दिलं, ते बघायचं.

शनिवारी नाश्त्याला दही होतं, अक्रोड होते. मुलगी फ्रिजपाशी उभी होती. कागदाच्या खालच्या सरळ कडेवरून तिने बोट फिरवलं आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

“बाबा, हे तुम्ही कापलंत?”

त्याचे कान लाल झाले. तो उठला, जाकिटातून पट्टी काढली, टेबलावर ठेवली. बायकोने खणातून चिकटपट्टी काढून दिली. त्याने ती ओळ होती तिथे चिकटवली. अगदी बरोबर, मिलिमीटरचाही फरक नाही. मग बसला आणि वाटीतलं सगळं संपवलं.

गुरुवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, तो वॉकीटॉकीवर बोलला त्याच्या मिनिटभर आधी, सहाव्या मजल्यावर तिघे जण मांडी घालून पाव आणि जॅम खात बसले होते. वर कुणीच बघत नव्हतं.