एकाच कुपीत ओतलेल्या दोघी

मी एक जुनी, चिमूटभर उरलेली पॉलिमरची भुकटी आहे. भुकटी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल. पण मित्रांनो, डोळ्यांना न दिसणारा का होईना, मला आकार होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी चार महिने खपून मला घडवलं. माझ्या प्रत्येक रेणूत मधे एक गाठ आणि त्या गाठीला चार हात. हाताचा आतला भाग पाण्याला घाबरणारा, बाहेरचा पाण्यात रमणारा. शेजारच्या कुपीतली माझी बहीण त्याच मालाची, त्याच वजनाची, फक्त सरळ धाग्यासारखी.

पाण्यात सोडलं की कुणी न सांगता आमचे इवलेसे गोळे बनत आणि पोटात औषध धरून ठेवत. पाणी वाढवलं की बहिणीचे गोळे विस्कटायचे. मी मात्र औषध सोडलं नाही.

"अगं, घट्ट धरलंस की!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि आम्ही दोघी फ्रीजच्या तळाशी पडून राहिलो. दोघींच्या लेबलवर माल होता, प्रमाण होतं. आकार बाईंच्या डोक्यात होता, तो लिहायचा राहूनच गेला.

परवा नवे साहेब फ्रीज आवरायला आले.

"दोन्ही सारख्याच दिसतायत. एकात ओता, जागा होईल."

"बाईंना विचारू का एकदा?" जुने मदतनीस काका चाचरले.

"कशाला? लेबलवर सगळं आहे की!"

जिवाच्या आकांताने ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशी? काकांनी बहिणीला माझ्यावर ओतलं आणि कुपी हलवली. मग साहेबांनी आमच्यावर बाईंचाच पाणी वाढवण्याचा प्रयोग करून पाहिला. निम्मं औषध गळालं. साहेबांनी वहीत लिहिलं, 'ही भुकटी औषध सोडत नाही, हा बाईंचा निष्कर्ष चुकीचा.'

काकांना राहवेना. त्यांनी बाईंना फोन लावला.

"अहो काका, आकार वेगळे होते त्यांचे! दुसरीकडे कुठे शिल्लक आहे का?"

"नाही हो बाई. तेवढीच होती."

"मला आता पुन्हा नाही जमायचं. हात थरथरतात माझे."

काका तसेच साहेबांकडे धावले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पुरावा काय?"

मित्रांनो, पुरावा मीच होते! आता माझी मला मी सापडत नाही. कळवळून सांगते, एखादी वस्तू कशाची बनली एवढंच लिहून थांबू नका. ती कशी जोडली आहे तेही लिहा, आणि आजच लिहा.