जमुनाचा दुसरा फोटो

चूक माझीच होती, हे पयलेच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, पंचफुला आपलीच टिमकी वाजवून राहिली.

साल एकसष्ट. राजापेठेत खुशालराव डॉक्टरच्या दवाखान्यात मी आया होती. तिथं नवंकोरं एक्स-रेचं मशीन आलं. लोक त्याले फोटोचं मशीन म्हणत. साहेब तर असे हरखले, की छातीले नळी लावणंच विसरले. कोणी खोकलं की, 'चला, फोटो!'

एक दिवस चांदूर बाजारची जमुना आली. अंगावर तीन महिन्यांचं लेकरू, अन् पंधरा दिवसांचा खोकला. संग सासू, पार्वताबाई. बाईमाणसाले फोटोसाठी उभं करायचं काम माझं. गळ्यातलं काढ, केस वर बांध, हे मीच सांगत असे. पण सासू दारात उभी, अन् तिच्यासमोर जमुना डोक्यावरचा पदर काढेना. मी म्हटलं, जाऊ दे. तिची तेलानं माखलेली जाडजूड वेणी पदराखाली उजव्या खांद्यावर तशीच राहिली.

फोटोत उजव्या फुफ्फुसावर, वरच्या अंगाले पांढरा डाग निघाला.

"टीबी," साहेब म्हणाले. "बाळाला दूर ठेवा. अंगावरचं दूध बंद."

पार्वताबाईनं लगेच लेकरू हिसकून घेतलं. "इले माहेरी धाडतो. नातू माझ्यापाशी राहीन."

लेकरू भुकेनं बेंबीच्या देठापासून ओरडून राहिलं होतं. अन् मले ती वेणी आठवली.

मी सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, फोटो पुन्हा काढा. मी तिची वेणी वर बांधली नाही."

"पंचफुला, मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन काहून खोटं बोलीन? आपण वेणी दाखवली, त्यानं वेणी दाखवली. मले कामावरून काढा पायजे तर, पण फोटो काढा."

साहेबांचा पारा चढला, पण उठले. मी पार्वताबाईले बाहेर काढलं, दाराले कडी घातली, अन् जमुनाची वेणी डोक्यावर गुंडाळून पक्की बांधली. "आता घे दम," म्हटलं.

फिल्म धुऊन यायले अर्धा घंटा लागला. साहेबांनी ती उजेडात धरली. डाग गायब! मग खुंटीवरची नळी काढून त्यांनी जमुनाची छाती पुढून-मागून नीट ऐकली.

"टीबी नाही. साधा खोकला आहे, औषधानं जाईल. मशीन चांगलंच आहे, घाई मी केली."

पार्वताबाईले पटेना. "मघा एक सांगता, आता दुसरं. म्या कोणतं खरं मानू?" लेकरू तिनं घट्ट धरून ठेवलेलं.

मंग मात्र माझं डोकं फिरलं. "आत्ताचं खरं मान, माय!" म्हणून मी तिच्या हातातून लेकरू घेतलं अन् जमुनाच्या मांडीवर ठेवलं. भांडायची पुरी तयारी होती माझी.

पण पाळीच आली नाही. जमुनानं तिथंच, डॉक्टरपुढं, सासूपुढं, लेकराले अंगावर घेतलं. ते गटागटा पिऊ लागलं. पार्वताबाई उभी होती ती मटकन खाली बसली अन् म्हणाली, "पी रे बापा, पी."