बहात्तर किलोचा गोटा

मारुतीच्या पारापुढे लिंबाच्या सावलीत जो काळा, गुळगुळीत दगड पडलेला दिसतो ना, तो मी. गावात मला गोटा म्हणतात. मला कडी नाही, मूठ नाही. धरायचं कुठं हेच कळू नये, असंच मला घडवलंय. आज बोलतोय, कारण खूप दिवसांनी मला हलकं वाटतंय. दगडाला हलकं वाटतं, हे मलाही नवीनच.

माझा जन्म कयाधू नदीच्या पात्रातला. एका पाथरवटानं छिन्नीनं माझे कोपरे काढले आणि गावानं मला बैलगाडीत घालून इथं आणलं. तेव्हापासून दर हनुमान जयंतीला गावातले गडी मला खांद्यावर घ्यायला येतात. एकदा पोरांनी मला ट्रॅक्टरमधून जवळा बाजार गावाला नेऊन कापसाच्या काट्यावर ठेवलं. बहात्तर किलो भरलो. माझी ऐट वाढली, पण गावाची एक खोडही वाढली. पोरगं लग्नाला आलं की पहिला प्रश्न, "गोटा उचलतो का?" जसा काही संसार माझ्यावरच उभा करायचाय.

भागवतसारखं मला कुणी उचललं नाही. तो आधी दोन्ही तळहात मातीत घासायचा. मला मांडीवर घ्यायचा, तिथं एक श्वास थांबायचा, मग छातीवरून खांद्यावर. खाली टाकायचा नाही, ठेवायचा. त्याचा धाकटा भाऊ माऊली शेजारी उभा राहून असा ओरडायचा, की जणू त्यानंच मला उचललंय.

मागच्या वर्षी पौषात, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर भागवतची मोटारसायकल गेली. भागवत गेला. तेराव्यानंतर माऊली माझ्यापाशी आला. माझ्यावर कपाळ टेकून ढसाढसा रडला आणि उठून मलाच लाथ मारली. अंगठ्याचं नख निघालं. मला काही लागलं नाही. लागायला हवं होतं, असं वाटलं.

तिथून त्याची झोप उडाली. पहाटेपर्यंत मोबाईल, संध्याकाळी ढाबा, बाटली, तिथंच भजी. दोन महिन्यांत पोट सुटलं. दिवसा माझ्या अंगाला टेकून नुसता बसायचा. तेवढ्यात हनुमान जयंती आली. कुणी न सांगता तो पुढे झाला. मला गुडघ्यापर्यंत आणलं आणि त्याची पकड ढिली पडली. मी निसटलो. त्याच्या पायापासून चार बोटांवर पडलो.

पारावरून एक जण बोलला, "भागवतसंगं घरातला दमच गेला."

आणखी एकानं जोड दिली, "तीन वर्सं झाली ह्याच्या लग्नाला. पाळणा बी हलंना."

माऊलीची बायको प्रतिक्षा देवळाच्या पायरीवर नारळ घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मीही ऐकलं. त्या दिवशी मला माझ्या वजनाची लाज वाटली.

गावातला नरसिंग शहरातल्या जिममध्ये जायचा. त्यानं माऊलीला बाजूला घेतलं. "काहून तोंड पाडून राहिला? एक सुई हाय ताकदीची. पोळ्यापर्यंत गोटा खांद्यावर दिसल."

आणि तसंच झालं. पोळ्याच्या दिवशी माऊलीनं मला उचललं. पण ते उचलणं नव्हतं, हिसकणं होतं. मान फुगली होती, पाठीवर लाल पुटकुळ्या, डोळ्यांत राग. खांद्यावर घेऊन त्यानं मला धाडकन आपटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रतिक्षानं टाळी वाजवली नाही.

पुढे एकदा सासूबाई सुमनबाई तिला मुलासाठी नवसाला न्यायला निघाल्या होत्या. दोघी पारावरून जाताना प्रतिक्षा थांबली. "आत्या, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. माझं बराबर हाय. आता ह्यायला डॉक्टरकडं घेऊन चला."

"गोटा उचलणाऱ्या माणसाला काय धाड भरली?" सुमनबाई म्हणाल्या. पण पोराचा दिवसेंदिवस चिडका होत चाललेला चेहरा त्यांनीही पाहिला होता. आठवड्यानं तिघं हिंगोलीला गेली.

परत आल्यावर माऊली घरी गेला नाही. थेट पारावर आला. तिथं रोजच्यासारखे म्हातारे उत्तमराव बसले होते. माऊली त्यांना आबा म्हणतो.

"आबा, माझ्या रिपोर्टात एक बी शुक्रजंतू न्हाई. शून्य."

"अन् गोटा तर उचलला की तू."

"त्या सुईनंच झालं म्हणते डॉक्टर. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन बनते. ते सुईतून आयतं यायलं, म्हणून अंगानं आपलं काम बंद केलं."

उत्तमरावांनी मान हलवली. "रोज ढाब्यावरून भाकरी आल्यावर घरची चूल कोण पेटवल?"

"सुईच्या आधीच ढासळलं असंल म्हणते. झोप न्हाई, दारू, हे पोट, वरून दादाचं." माऊलीचा आवाज फाटला. "दादाला असलं कधी झालं न्हाई. त्यो मर्द होता."

"अरे लेकरा, हळदीच्या पिकाचं वरीस इसरला काय? दोन रात्री भागवतनं हळद शिजवायची कढई सोडली न्हवती. तिसऱ्या दिवशी हनुमान जयंती. पारावर आला, गोट्याला हात लावला अन् म्हणला, 'आज न्हाई. झोप झाली न्हाई माझी.' सगळे हसले. त्यो बी हसला. अन् घरी जाऊन झोपला."

मला ते आठवत होतं. हळदीनं पिवळी झालेली ती बोटं. माझ्यावर पिवळा पंजा उठला होता, तो पुढे पावसानं गेला.

"म्या काहून इसरलो हे?" माऊली म्हणाला. पुन्हा रडला. या वेळी लाथ मारली नाही.

सुई बंद झाली, पण सगळं लगेच सुधारलं नाही. पहिले दोन महिने तो मेल्यासारखा पडून असायचा. असं होईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दर महिन्याला हिंगोलीची खेप ठरलेली. दारू दोनदा सुटून दोनदा लागली, तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. मोटारसायकल घरी ठेवून तो शेतात पायी जाऊ लागला. दिवेलागणीनंतर त्याचा मोबाईल प्रतिक्षा ज्वारीच्या कोठीत टाकायची.

"काय बे," नरसिंग खिदळला, "बायकोनं मोबाईल जप्त केला म्हणं?"

"व्हय. थांब, तुझा बी घिऊन जाईल."

पारावर हशा पिकला. कितीतरी महिन्यांनी माऊलीही त्यात हसला.

यंदा हनुमान जयंतीच्या चार दिवस आधी एसटी पारापुढे थांबली. माऊलीनं उडीच टाकली. "आबा, सुरू झालं! जंतू कमी हायेत आजून, पण आले! डॉक्टर म्हणते, असंच चालू द्या!"

"अरे, बायकोला तरी सांगितलं का?"

"मी संगंच हाय की, आबा," मागून पिशवी घेऊन उतरत प्रतिक्षा म्हणाली. सुमनबाई देवळातून धावत आल्या.  सुनेच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मला एवढं सुटल्यासारखं वाटलं, जणू वर्षभर मीच कुणाला तरी खांद्यावर घेऊन उभा होतो.

हनुमान जयंतीला पार भरला. माऊली पुढे आला. त्यानं तळहात मातीत घासले, माझ्यावर ठेवले, एक श्वास थांबला. मग हात काढून म्हणाला, "आज न्हाई."

नरसिंगनं तोंड उघडलं. उत्तमरावांनी नुसतं पाहिलं. नरसिंगनं तोंड मिटलं.

गड्यांनो, मला उचला, जरूर उचला. मलाही ती हवा आवडते. पण माझ्यावर माणूस मोजू नका. मला फक्त बहात्तर किलो कळतात. झोपलेला कोण, जागा कोण, आतून रडतोय कोण, हे मोजायचा काटा मी नव्हे.

महाप्रसाद झाल्यावर माऊली सावलीत मला टेकून बसला. बसल्या जागी त्याचा डोळा लागला. प्रतिक्षा बुंदीचा द्रोण घेऊन आली. कुणी तरी म्हणालं, "उठीव की त्याला."

"झोपू द्या," ती म्हणाली आणि द्रोण झाकून शेजारी बसली.

त्याचा श्वास माझ्या अंगावर संथ येत होता, अगदी भागवतसारखा. मी जन्मात कधी आपणहून हललो नाही. पण त्या दुपारी मात्र मी मुद्दाम हललो नाही.