चिखलावरची दारं

करंजबंदराला धक्का नव्हता. तो दर निवडणुकीला यायचा आणि मतपेट्यांबरोबर परत जायचा. मुंबईची लाँच खाडीच्या खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावाच्या होडीतून तिच्यापर्यंत जात. उधाणाच्या दिवसांत पडाव थेट किनाऱ्याच्या पायऱ्यांना लागे, तेव्हा सगळी मजाच. पण अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, भरती अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरे आणि पायऱ्या नि पडाव यांच्यामध्ये मांडीभर चिखल उरे. मग हमाल उतारूंना खांद्यावर घेऊन नेत. नव्या नवऱ्या म्हणू नका, मामलेदार म्हणू नका, सगळे असेच गावात आले.

मोरू त्या हमालांतलाच एक. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात गलबतातून कौलं उतरवताना त्याचा पाय घसरला आणि तो पाठीवर तळात आदळला. गावच्या डॉक्टरांनी पाठ चाचपली आणि मोरूच्या बायकोला, राहीला, बाजूला घेतलं. "कणा दुखावलाय. मुंबईला न्या, पण अगदी सपाट न्या. हिसका बसला तर कमरेखालचं कायमचं जाईल."

त्या दिवशीची लाँच मोसमातली शेवटची होती. ती गेली की नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. बैलगाडीच्या वाटेनं सपाट नेणं म्हणजे थट्टाच. आणि तिथी होती अष्टमी.

चौघांनी मोरूला खाटेसकट उचललं आणि चिखलात पाय घातला. पुढचे दोघे एकदम कमरेपर्यंत रुतले, खाट कलली आणि मोरू असा ओरडला, की राहीनं कान झाकून घेतले. खाट पुन्हा पायऱ्यांवर आली. लांबून लाँचनं निघायचा पहिला भोंगा दिला. आता संपलं सगळं, असं राहीला वाटलं.

तेवढ्यात आवडाबाई आली. ही राहीची शेजारीण, वयानं साठीची आणि तोंडानं पंचविशीची. हिच्या कोंबड्यांनी राहीचे वाळत घातलेले कोळंबीचे सोडे फस्त केले होते. त्यावर राही जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही, आणि आवडाबाईनं जे उत्तर दिलं ते तर कुठंच सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून एक विहिरीवर असली की दुसरी घागर घेऊन परत फिरायची. तर ही आवडाबाई घराचं दार फरफटत घेऊन येत होती.

"बघत काय बसलात रं? दारं काढा! चिखलावर टाका!"

जुनी दारं ती, वर उचलली की खोबणीतून निघायची. घटकाभरात आळीआळीतून दारं येऊ लागली. मोहल्ल्यातून नक्षीची शिसवी दारं आली. शाळेच्या शिपायानं कुणालाही न विचारता शाळेचं दार आणलं. दाराला दार लावत वाट पुढं सरकली आणि खाट तिच्यावरून हळूहळू निघाली. राही मागून चालली. दारांवर हळदीकुंकवाची बोटं होती, त्यांवर पाय द्यायला तिचा जीव धजेना. दर दाराला ती मनात हात जोडत होती.

पाण्याच्या कडेला चिखल सगळ्यात वाईट. तिथल्या शेवटच्या दारावर चौघे एकदम उभे राहिले आणि त्यांनी खाट पडावात दिली. राहीला तेव्हा फक्त मोरूचा चेहरा दिसत होता.

सारा पावसाळा इस्पितळात गेला. आषाढात मोरूचा अंगठा हलला, मग पाऊल. बंदर उघडल्यावर तो काठी टेकत, स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढला.

राही पेढे घेऊन घरोघर निघाली. पाया पडू लागली की लोक हसायचे. "दार व्हय? धुतलं नि लावलं." एकीचं दार तेव्हापासून करकरत होतं आणि ती ते करकरवून दाखवत होती.

शेवटी ती आवडाबाईकडं आली. चौकटीत गोणपाट लोंबत होतं. राहीला उमगलं. सगळ्यात आधी आलेलं आणि पुढं सरकवत पाण्याच्या कडेला नेलेलं ते शेवटचं दार हिचं होतं. ते चिखलातच गेलं होतं आणि म्हातारीनं अख्खा पावसाळा गोणपाटाआड काढला होता.

"ये गो आत," आवडाबाई म्हणाली. "मोरू चालतो म्हनं?"

"चालतो. मावशे, तुझं दार..."

"दाराचं काय घेऊन बसलीस!"

"मी तुला नको नको ते बोलले. आन् तुलाच कसं सुचलं गो?"

आवडाबाई चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत राहिली.

"आमच्या ह्यांना असंच भांगात न्यायचं व्हतं. पायरीवर भरतीची वाट बघत ऱ्हायलो. भरती आली, तवर हे न्हवते. मी घरी आले, दार लोटलं, आन् दाराला हात लागला तवा सुचलं." तिनं पदरानं डोळे टिपले. "ते दार मी रोज उघडलं नि रोज लावलं, राहे. बरं झालं गेलं ते. कामाला गेलं."

राहीला पेढ्यांची आठवणच राहिली नाही. तिनं म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. राहीच्या मागोमाग आलेल्या मोरूनं बाहेरून गोणपाट बाजूला केलं, काठी भिंतीला टेकवली आणि भिंतीला धरत तो दोघींपाशी येऊन उभा राहिला.